दगडफूल चालतं

रविवार, ५ ऑक्टोबर. स्थळ: साक्री, नानांच्या घराचं परसदार, आंब्याखाली. हजर: नाना, म्हणजे माझे सासरे, धुळ्याची ताई, म्हणजे त्यांची मुलगी, माझा नवरा, म्हणजे त्यांचा मुलगा, शेजारच्या अक्का, आणि मी. गैरहजर: वीज, सकाळपासून.

ही वरची नोंद मी त्याच दिवशी करून ठेवली. मला सवयच आहे. जळगावला एका डाळमिलमध्ये मालाची तपासणी आणि रवानगी माझ्याकडे असते. तिथे यादी नसली की ट्रक फाटकात उभे राहतात आणि ड्रायव्हर चहा पीत बसतात. घरीही मी तसंच करते. किराणा, औषधं, लग्नाचे आहेर, कुणाला फोन करायचा राहिला, सगळं लिहून ठेवलेलं असतं. त्या रविवारच्या पानावर वर लिहिलं होतं, 'नानांना जळगावला आणणे', आणि खाली कामं: कपडे, औषधांचा डबा, आधारकार्ड, गॅस बंद, पाण्याची टाकी रिकामी, घराची किल्ली अक्कांकडे. सगळं आठवणीने लिहिलं होतं. नानांना यायचंय का, हे विचारायचं काम त्यात नव्हतं.

नाना पंचाहत्तरी ओलांडलेले. सगळी नोकरी धुळ्याला एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये, मेकॅनिक म्हणून, गाडीखाली उताणं पडून वर बघण्यात गेली. निवृत्त झाल्यावर साक्रीला आले, चार खोल्या बांधल्या, आणि सासूबाई गेल्यावरही तिथेच राहिले. भाकरी स्वतः थापतात. ती गोल होत नाही, पण फुगते. भाजी बऱ्याचदा अक्कांकडून येते, आणि त्याबदल्यात अक्कांचा मिक्सर, शिलाई मशीन आणि नातवाची सायकल नाना दुरुस्त करतात. जळगाव तिथून लांब पडतं. धुळ्याची ताई मध्यावर आहे, त्यामुळे पहिली धावपळ तिची असते आणि याद्या माझ्या असतात.

पावसाळ्याच्या सुरुवातीला नानांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू धुळ्याला काढला. डावा नंतर करायचा ठरला होता. ऑपरेशन छान झालं. काही दिवस ताईकडे राहून, काळा चष्मा लावून, थेंब वेळच्या वेळी घालून ते साक्रीला परतले. पहिल्या फोनवर म्हणाले, घराच्या भिंती इतक्या मळल्या होत्या हे कुणी सांगितलं कसं नाही.

गणपती उठले आणि आमच्या काळ्या मसाल्याचा डबा तळाला लागला. उन्हाळ्यात केलेला मसाला दिवाळीपर्यंत पुरायला हवा, पण या वर्षी पाहुणे फार झाले. थोडा नव्याने करावा, नानांनाही द्यावा, असं ठरवून मी यादी घेऊन त्यांना फोन लावला. त्यांना मधे पित्ताचा त्रास झाला होता, म्हणून मी एकेक जिन्नस त्यांना विचारून घेत होते. नाना आमच्याशी कधी मराठीत बोलतात, कधी अहिराणीत. घरात मोकळे असले की अहिराणीत.

मिरची? "चालस." म्हणजे चालतं. खोबरं, धने? "चालस." लवंग कमी करू? "चालस." दगडफूल?

इथे नाना थांबले. मग एकदम उत्साहाने म्हणाले, "दगडफूल चालस बरं का, पोरी. रोज चालस. सकायले जास्ती चालस."

दगडफूल म्हणजे दगडांवर आणि झाडांच्या सालीवर वाढणारे राखाडी, सुरकुतलेले पापुद्रे. वाळवून मसाल्यात घातले की त्यांचा खास वास येतो. नानांना ते इतकं आवडतं हे मला माहीत नव्हतं. मी यादीत लिहिलं, 'दगडफूल: जास्त. सकाळच्या भाजीला.' आणि पुढच्या रविवारी पाव किलो घेऊन गेले. पाव किलो दगडफुलाची केवढी पिशवी होते हे ज्याने आणलंय त्यालाच ठाऊक. मागच्या सीटवर ती एका माणसाची जागा अडवून बसली होती.

नानांनी पिशवीत डोकावून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "हाई कसाले?"

मी म्हटलं, तुम्हीच म्हणालात ना, दगडफूल चालतं, रोज चालतं.

"मंग? चालस ते चालस," नाना म्हणाले. "पन पिशवीमधलं नही. झाडवरलं."

आणि आम्हाला परसात घेऊन गेले. तिथला आंबा जुना आहे. साक्रीच्या बाजूला डोंगर जवळ असल्यामुळे पाऊस बरा होतो, आणि पावसाळ्यात त्या खोडावर जागोजाग राखाडी-हिरवट डाग फुगून वर येतात. कुठे रंग उडाल्यासारखे चपटे, कुठे कडा वर वळलेले. नानांनी बोट दाखवलं. ह्या डागातला एक लहानसा तुकडा रोज सकाळी निघतो आणि त्या डागापर्यंत चालत जातो, असं त्यांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. थांबत थांबत जातो. कधी दोन असतात.

आम्ही बघितलं. माझा नवरा गाडीची किल्ली हातात घेऊन वाकून बघत होता. मी बघत होते, पण डोक्यात मिरच्या उन्हात घालायच्या होत्या. काहीही हललं नाही.

"तुमनी सावली पडी गई," नाना म्हणाले, "थांबी गयं ते."

नवऱ्याने विचारलं, नाना, रोज दिसतं हे? दोन्ही डोळ्यांनी?

नानांनी एकेक डोळा हाताने झाकून दाखवला. नव्या डोळ्याने दिसतं, ते म्हणाले. जुन्याने नाही.

चहा घेतला, पिशवी स्वयंपाकघरात कोठीवर ठेवली आणि निघालो. पारोळ्यापर्यंत नवऱ्याने गाडी एका दमात आणली. मग म्हणाला, "ऑपरेशन झालेल्या डोळ्यानेच दिसतं म्हणतात. डोळ्याचं असेल ना? डोक्याचं नसेल ना?" मी म्हटलं, ताईला विचारू.

ताईला विचारायला नको होतं, कारण ताईकडे प्रत्येक दुखण्याचं एक ओळखीतलं उदाहरण असतं. तिच्या ऑफिसातल्या एका बाईच्या आईला आधी भिंतीवर मुंग्या दिसायच्या. भिंतीवर मुंग्या नसायच्याच. वर्षभरात ती म्हातारी पोटच्या मुलीला 'तुम्ही कोण, बसा ना' म्हणायला लागली. ताईने हे सगळं फोनवर सांगितलं. मग मी माझ्या पद्धतीने वही उघडली आणि लिहिलं: गॅस एकदा चालू राहिला, तीच गोष्ट दोनदा सांगितली, शर्ट उलटा घातला, दगडफूल चालताना दिसतं. पहिल्या तिन्ही गोष्टी माझ्या नवऱ्यालाही लागू पडतात, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

ताई नानांना पुन्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डोळा उत्तम होता. आतला पडदा उत्तम होता. डॉक्टरांनी विचारलं, बाबा, आणखी काही दिसतं का, माणसं, जनावरं? नाना नाही म्हणाले. डॉक्टर भले होते, त्यांनी घाबरवलं नाही. पण वय बघता एकदा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घ्या आणि एकटं फार ठेवू नका, एवढं म्हणाले.

एवढं आम्हाला पुरलं. आम्ही तिघांनी फोनवर ठरवलं की दिवाळीआधी नानांना जळगावला आणायचं. जळगावच्या डॉक्टरांची वेळ घेतली. आमच्या मधल्या खोलीत पलंग लागणार होता, तो दुकानात बघून ठेवला. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवायला माणूस सांगितला. साक्रीच्या घराला कुलूप लागणार होतं, आणि कुलूप लागलेल्या घराचं पुढे काय होतं हे सगळ्यांना माहीत होतं. तेवढंच कुणी बोललं नाही.

नानांना हे नवऱ्याने सांगितलं. वाद होईल म्हणून तो तयारी करून गेला होता. नानांनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "तठे झाड शे का?"

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. नवरा म्हणाला, बाग जवळ आहे. नाना म्हणाले, बरं.

त्यानंतर नानांनी झाडाचं नाव काढलं नाही. मी एकदा मुद्दाम फोन करून विचारलं, काय नाना, आज चाललं का दगडफूल? पलीकडून उत्तर आलं, "नाही. आता काही दिसत नाही. मी ठीक आहे." अगदी स्वच्छ मराठीत. असं मराठी नाना डेपो मॅनेजरशी बोलायचे, बँकेत बोलतात आणि डॉक्टरांशी बोलतात. माझ्याशी इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते. दिसत नाही म्हणाले, म्हणजे बरं वाटायला हवं होतं. मी फोन ठेवला आणि दुपारभर मिलमध्ये दोन पावत्या चुकवल्या.

तर तो रविवार. आम्ही जळगावहून लवकर निघालो, धुळ्याला ताईला घेतलं आणि साक्रीला पोचलो तेव्हा वीज नव्हती. आतल्या खोल्यांत अंधार. ताई टॉर्चच्या उजेडात कपाट काढत होती आणि कुठलं भांडं न्यायचं, कुठलं ठेवायचं यावर नवऱ्याशी भांडत होती. नाना परसात आंब्यासमोर खुर्ची टाकून बसले होते. स्वतःची बॅग त्यांनी आधीच भरून ओट्यावर ठेवली होती. पट्टा लावलेली, वर छत्री. एस.टी.च्या वेळेआधी फलाटावर येऊन बसलेल्या माणसासारखी.

अक्का भाकऱ्या घेऊन आल्या. बॅग बघितली, आम्हाला बघितलं आणि कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या की आता मन्हा मिक्सर बिघडला ते जळगावले न्यावा लागी. ताई म्हणाली, अक्का, तुम्हाला मिक्सरचंच पडलंय. अक्का म्हणाल्या, मिक्सरनं नही ते काय, तुम्ही विचारतस का दुसरं काही?

मी माझी यादी बघितली. आतली कामं अंधारात होण्यासारखी नव्हती. कोठीवर ती पाव किलोची पिशवी तशीच होती. ती न्यायची तर तीन घरांत वाटून टाकावी, ताईला, अक्कांना आणि मला, आणि वाटायची तर आधी निवडावी. दगडफुलात सालीचे तुकडे, काड्या, माती फार असते. अक्कांकडून सूप मागून घेतलं आणि नानांच्या खुर्चीजवळ झाडाखाली चटईवर बसले. नानांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा समोर बघू लागले.

निवडताना माझी एक पद्धत आहे, ती मिलमधली. डाळीचं सॅम्पल ताटात पसरलं की मी लगेच हात घालत नाही. नवीन पोरं किडा शोधायला जातात आणि बोटांनी सगळी डाळ हलवून ठेवतात. मग सगळंच हलतं, काहीच सापडत नाही. किडा शोधायचा नसतो. ताट खाली ठेवायचं, हात मांडीवर ठेवायचे, आणि जे आपोआप हलेल तेवढं उचलायचं. तसंच सवयीने मी दगडफूल सुपात पसरलं आणि थांबले.

मुगाच्या डाळीएवढा एक तुकडा सरकला.

वारा असेल म्हणावं तर आंब्याचं पान हलत नव्हतं. खाली मुंगी असेल म्हणावं तर मुंगी अशी थांबत नाही. तो तुकडा थोडा चालला, थांबला, डुलल्यासारखा झाला, पुन्हा चालला. बाकीच्या वाळक्या, काळपट दगडफुलात त्याचा रंग जरा वेगळा, हिरवट होता, वर झाडावर होता तसा. वरूनच पडला असणार. मी हात उचलला नाही. वाटेतल्या एका मोठ्या पापुद्र्यावर तो चढला, त्याच्या काठाशी खुटखुट केली, आणि मग त्या तुकड्याखालून एक बारीकसं डोकं बाहेर आलं, मागे वळलं आणि पापुद्र्याचा एक कण उचलून स्वतःच्या पाठीवर ठेवला. डोक्यावरची पाटी नीट करावी तसा तो कण जरा दाबला. आणि पुन्हा चालू लागला.

"नाना," मी म्हटलं.

नाना समोरच बघत होते.

"नाना, चालतंय."

"काय?"

"दगडफूल."

त्यांनी सुपाकडे बघितलं नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ. मग हळूच म्हणाले, "मन राखाले सांगू नको, पोरी."

मी सूप उचललं, अगदी जपून, आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. नाना वाकले. सावली पडली तसा तो तुकडा थांबला. नाना मागे सरले, ऊन सुपावर पडू दिलं आणि थांबले. त्यांना थांबणं शिकवायला नको होतं. तो पुन्हा निघाला. नानांच्या छातीतून मोठा श्वास बाहेर आला आणि त्याबरोबर त्यांचे खांदे खाली आले. ते इतके दिवस वर ओढलेले होते हे मला तेव्हा कळलं.

"त्याना खाले पाय शेतस का बघ," ते म्हणाले.

मी केसातली पिन काढली आणि त्याला हलकेच उलटा केला. पाठीवरचा दगडफुलाचा ढीग खाली गेला आणि वर आलं ते फिकट पिवळसर अंग, सहा पाय आणि तोंडाशी सांडशीसारखे दोन वाकडे आकडे. पाय हवेत हलत होते. मी घाईने पुन्हा सुलटा केला.

"शेतस," मी म्हटलं. माझ्या तोंडून अहिराणी सहसा निघत नाही.

नाना हसले. मग म्हणाले की त्यांना पहिल्यापासून किडाच वाटला होता. पण कुणालाच दिसेना, डॉक्टरही तसं विचारायला लागले, आणि आपली मुलं आपल्याकडे अशी बघायला लागली, तेव्हा एका सकाळी त्यांनी तो चालताना बघितला आणि स्वतःच डोळे मिटून घेतले. त्यानंतर झाडासमोर बसायचे, पण डाव्या डोळ्याने बघायचे. डाव्या डोळ्याने काहीच नीट दिसत नाही, त्यामुळे काही हलतही नाही.

हे त्यांनी अगदी साधं सांगितलं, गाडीचा ब्रेक कसा तपासला ते सांगावं तसं. मी सगळ्यांना हाक मारली.

ताईने बघितलं, पुन्हा बघितलं आणि ओट्यावर नानांच्या बॅगेशेजारी बसून पदराने तोंड पुसत राहिली. घाम आलेला नव्हता. नवरा सुपावर वाकला, चष्मा काढला, पुन्हा लावला, सूप उजेडाला धरलं आणि म्हणाला, कुठे आहे? आम्ही दाखवलं. त्याने मान हलवली, हो हो म्हणाला, पण त्याला दिसलं नव्हतं. शेवटी मोबाईलने फोटो काढला आणि बोटांनी मोठा केला, तेव्हा तो "अरे," म्हणाला. ताई म्हणाली, "भाऊ, डॉक्टरकडे न्यायला पाहिजे होतं ते तुला." डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्याने पाच-सहा वर्षांत पाऊल टाकलेलं नाही.

अक्का सगळ्यात शेवटी आल्या. त्यांनी सूप आपल्या हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, आणि सूप माझ्याकडे परत देत आमच्या तिघांकडे बघून म्हणाल्या, "दगडफूल बी चालस, नि म्हतारानं डोकं बी चालस."

त्यावर आम्ही जे हसलो ते थांबेचना. नाना तर खोकायला लागले. ताईला मधेच रडू आलं आणि तरी ती हसत होती. इतक्या दिवसांत आमच्यापैकी कुणी मोठ्याने हसलं नव्हतं.

मग नानांनी आम्हाला झाड दाखवलं. या वेळी आम्ही ऊन न अडवता बसलो आणि त्यांनी सांगितल्याशिवाय जवळ गेलो नाही. खोडाच्या एका डागावर डाळीच्या टोकाएवढे बारीक शंकू उभे होते, त्यांनाही दगडफुलाचा भुगा चिकटवलेला. त्यातला एक अगदी सावकाश पुढे सरकला, आतल्या अळीने ओढत नेला. एका ठिकाणी नाना म्हणाले, इथे बोट ठेव. मला नुसती साल दिसत होती, राखाडी, वर काळ्या नागमोडी रेघा, शेजारच्या डागासारखीच. मी बोट टेकवलं तर साल उडाली. पतंग होता, पंख पसरून खोडाला चिकटून बसलेला. तो खोडाला अर्धा वळसा घालून पुन्हा दुसऱ्या डागावर बसला, आणि मी डोळ्यांनी त्याच्या मागे गेले तरी बसल्याबरोबर तो मला दिसेनासा झाला. नानांना दिसत होता. त्यांच्या नव्या डोळ्याला हे सगळं पावसाळाभर दिसत होतं. सांगायला मात्र कुणी उरलं नव्हतं.

भाकऱ्या आम्ही तिथेच झाडाखाली खाल्ल्या. जेवण झाल्यावर पुन्हा तो विषय येणारच होता. आणलेली गाडी दारात उभी होती, बॅग ओट्यावर होती. नवरा म्हणाला, मग नाना, कसं करायचं?

नाना म्हणाले, "मी आठेच बरा." आठे म्हणजे इथे.

नवऱ्याने ताईकडे बघितलं, ताईने माझ्याकडे. यादी माझी होती. मी जरा विचार केला. गॅसला आपोआप बंद होणारं बटण मिळतं. किल्ली अक्कांकडे राहू शकते, घर बंद नसलं तरी. रोज सकाळी फोन करता येतो. डॉक्टरांची घेतलेली वेळ मात्र मोडायची नाही, हे मी तेव्हाच बोलून टाकलं. नानांनी मान डोलावली.

मग मी म्हटलं, "चालतं, नाना."

नाना उठले, बॅग उचलली आणि आत नेली. आम्ही कुणी मदत केली नाही. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. तेवढ्यात वीजही आली.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये मी चोपड्याच्या एका सहकाऱ्याला फोटो दाखवला. त्याच्या घरी कपाशी आणि केळी आहे. तो म्हणाला, हा क्रायसोपाच्या जातीतला दिसतो, मित्रकीटक. ह्याच्या अळ्या मावा खातात, म्हणून कपाशीत मुद्दाम सोडतात. काही जातीच्या अळ्या पाठीवर कचरा घेऊन फिरतात, म्हणजे पक्ष्याला वाटतं कचरा आहे आणि मुंगीला वाटतं कचरा आहे. मोठा झाला की हिरवा, जाळीदार पंखांचा, सोनेरी डोळ्यांचा होतो. त्याने फोटो परत दिला आणि विचारलं, कुठे सापडला? मी म्हटलं, मसाल्यात. पुढचं सांगत बसले नाही.

मेंदूच्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो. त्यांनी नानांना वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळ काढायला सांगितलं. नानांनी घड्याळ काढून वर विचारलं, सेकंदकाटा पण दाखवू का? वयाच्या मानाने सगळं छान आहे, डॉक्टर म्हणाले. दोन गोळ्या लिहून दिल्या, ताकदीच्या. पलंगाच्या दुकानदाराला मी नको म्हणून कळवलं. दांडी बसवणारा माणूस मात्र येऊन गेला. ती राहू दिली. नवऱ्याला कधीतरी लागेल.

आता रोज सकाळी मिलला निघण्याआधी मी साक्रीला फोन करते. विचारायचं एकच असतं: "चालस का?" पलीकडून नाना म्हणतात, "चालस." पाऊस गेला, डाग वाळून खोडाला चिकटले, झाडावर आता फारसं काही हलत नाही असं ते स्वतःच सांगतात. तरी उत्तर तेच असतं, आणि ते अहिराणीत आलं की मी निश्चिंत होऊन चप्पल घालते.

यादीतलं जवळजवळ सगळं झालं. गॅसचं बटण बसलं. नवऱ्याचे डोळे तपासले, नंबर भलताच वाढलेला निघाला. मसाला झाला, दगडफूल बेताचं घातलं. एक काम तेवढं प्रत्येक नव्या पानावर उतरवून घेते आहे: 'नाना, डावा डोळा, ऑपरेशनची तारीख घेणे.' ताईने दोनदा विचारलं, मी चारदा. नाना म्हणतात, "एक डोया चांगला झाया ते इतला गोंधय झाया. दोन्ही व्हयनात ते तुम्ही काय करशात?"

तारीख अजून घ्यायची आहे.